रीलमधला तो ठेका रिओच्या डोंगरावरून आला

सोळा सेकंदांची रील. एक मुलगा धुऊन-पुसून चकचकीत केलेली बुलेट घेऊन गल्लीच्या तोंडाशी येतो, गॉगल चढवतो आणि हँडल वळवतो. गाव मराठी, मुलगा मराठी, खालची दोन ओळींची शेखीही मराठीच. मागे वाजणारं गाणं मात्र मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. आधी कुणीतरी नाकातून दोन-चार शब्द म्हणतं. मग क्षणभर शांतता. आणि पाठोपाठ छातीत धपकन बसणारा ठेका: टुम्-चा-चा, टुम्-टुम्-चा.

हे गाणं कुठलं, असं त्या मुलाला विचारलं तर तो खांदे उडवील. ॲपने सुचवलं, त्याने लावलं. भाषा पोर्तुगीज आहे, संगीताला ‘फंक’ म्हणतात, त्याचं गाव ब्राझीलमधलं रिओ दि जानेरो आहे आणि अशी बरीच गाणी तिथल्या कार्निव्हलच्या मुहूर्तावर बाजारात येतात, यातलं त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नाही. गंमत अशी की रील हा प्रकारसुद्धा आधी तिथेच चाखून पाहिला गेला. इन्स्टाग्रामने त्याची पहिली चाचणी नोव्हेंबर २०१९मध्ये ब्राझीलमध्ये घेतली, ‘सेनास’ म्हणजे ‘दृश्यं’ या नावाने. भारतात रील्स आल्या त्या जुलै २०२०मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यावर काही दिवसांत.

ज्या भाषेतला एक शब्द कळत नाही, तिच्यातलं गाणं सातासमुद्रापलीकडच्या गल्लीत इतकं फिट्ट कसं बसतं? उत्तराचा एक धागा फोनमध्ये आहे, हे खरं. पण दुसरा त्याहून जुना आहे. फोन हातात येण्याच्या कितीतरी आधी रिओच्या वस्त्यांमध्ये हे संगीत तुकड्या-तुकड्यांनी बनत होतं आणि गर्दीला कुठल्याही क्षणी आत शिरता येईल अशा बेताने वाजत होतं. छोट्या व्हिडिओला जे लागतं, ते त्याच्याकडे आधीपासूनच तयार होतं.

नाव फंक, माल वेगळाच

फंक म्हटलं की जाणकारांना जेम्स ब्राऊन आठवतो. ब्राझीलचं फंक ऐकून त्यांचा गोंधळ होतो, कारण जेम्स ब्राऊनचा तिथे मागमूस नसतो. याचा उलगडा १९७०च्या आसपास सापडतो. बिग बॉय आणि आदेमिर लेमोस या दोघांनी रिओतल्या कानेकाव या मोठ्या सभागृहात अमेरिकन सोल आणि फंकच्या तबकड्या वाजवून नाचाचे जलसे सुरू केले. ते सभागृह हातचं गेल्यावर जलसे शहराच्या उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांमध्ये, तिथल्या क्लबांत सरकले. या जलशांना ‘बाइली’ म्हणतात. भिंतीएवढे स्पीकर रचणारी मंडळं तयार झाली आणि दर शनिवार-रविवारी तरुण गर्दी लोटू लागली.

दहा-पंधरा वर्षांत आवड पालटली. १९८०च्या दशकात डीजेंना अमेरिकेतल्या मायामी शहरात बनणारं एक यांत्रिक नृत्यसंगीत सापडलं. रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्रावरचा खोल, जमीन हादरवणारा खर्ज हा त्याचा प्राण होता. तबकड्या बदलल्या, नाच बदलला. जलशाचं नाव मात्र ‘फंकचा बाइली’ असंच राहिलं. हॉटेलचा मालक बदलावा, मेनू बदलावा आणि पाटी जुनीच राहावी, तसा प्रकार.

इंग्रजी कुणाला येत नव्हतं. मग गर्दीने स्वतःच तोडगा काढला. इंग्रजी ध्रुपदाशी कानाला जुळतील असे पोर्तुगीज शब्द, बऱ्याचदा निरर्थक आणि हमखास चावट, लोक कोरसमध्ये ओरडू लागले. ज्याला गाण्याची भाषा येत नाही त्याने ते आपलं करून टाकायचं, ही फंकची पहिली शाळा. आज सोलापूर-साताऱ्यात जे होतंय, ते तेव्हा रिओत झालं होतं.

एर्मानो व्हिआना या मानववंशशास्त्रज्ञाने या जलशांचा अभ्यास केला आणि १९८८मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अभ्यासकाने दूर उभं राहून नोंदी कराव्यात असा संकेत. या गृहस्थाने आपल्याकडचं ताल-यंत्रच डीजे मार्लबोरोला देऊन टाकलं. १९८९मध्ये मार्लबोरोचा ‘फंक ब्राझील’ हा अल्बम आला, पोर्तुगीज शब्दांसह. तिथून पुढे रिओचं फंक स्वतःच्या पायांवर चालू लागलं.

आठ लाडू, तीन वाटेकरी

आता मूळ गोष्ट, ठेका. तो समजायला संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. टेबलावर बोटं वाजवली तरी पुरे.

एक ते आठ सारख्या वेगाने मोजायचं. भजनी ठेक्याच्या किंवा केरव्याच्या आठ मात्रा आपल्याला सवयीच्या आहेत. त्यात जोर साधारणपणे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर येतो. चार अधिक चार, सरळ हिशोब. आता हेच आठ लाडू तीन भावंडांत वाटायचे आहेत असं समजा. थोरल्याला तीन, मधल्याला तीन, आणि धाकट्याच्या वाट्याला उरलेले दोन. म्हणजे टाळी पडणार पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आकड्यावर: एक दोन तीन चार पाच सहा सात आठ. दोन-तीनदा करून पाहिलं की लक्षात येतं, धाकट्याचा वाटा लहान असल्याने पुढची ‘एक’ अपेक्षेपेक्षा लवकर येते. अंग किंचित पुढे ढकलल्यासारखं होतं. तो तोल सावरण्याच्या धडपडीलाच आपण नाच म्हणतो.

हा तीन-तीन-दोनचा साचा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिका खंडात आला. क्युबात, हैतीत, ब्राझीलमध्ये, जिथे जिथे ती माणसं गेली तिथे तो वेगवेगळ्या कपड्यांत दिसतो. ब्राझीलमध्ये तो कांदोम्ब्ले या धर्मपंथाच्या पूजाविधींतल्या ढोलांत आहे, काठ्यांनी खेळल्या जाणाऱ्या माकुलेले या नृत्यात आहे, सांब्याच्या पोटातही आहे.

मायामीच्या यंत्र-संगीतातही त्याचा एक पातळ अंश होता. १९९०च्या दशकाअखेर रिओच्या डीजेंनी त्या आयात ठेक्यावर कातड्याच्या ढोलांसारखे आवाज चढवले आणि जे तयार झालं त्याला नाव पडलं ‘तांबोरझाव’, म्हणजे ‘थोरला ढोल’. यंत्र परदेशी, आवाज डिजिटल, चाल मात्र आजीच्या देवघरातली. मग पुढच्या पिढीने ढोलही काढून टाकले आणि तोंडानेच ठेका धरून तो ध्वनिमुद्रित केला. आज रीलवर जो ‘चा-चा’ ऐकू येतो, तो पुष्कळदा कुणाच्या तरी जिभेचा आणि ओठांचा असतो.

इथे फोनचा संबंध येतो. मोबाइलच्या स्पीकरला खोल खर्ज पेलवत नाही, पण तोंडाने काढलेला कोरडा, टोकदार आवाज त्याच्यातून स्वच्छ बाहेर पडतो. मोठ्या स्पीकरवर खर्जाने पोट हादरवायचं, छोट्यावर जिभेच्या ठेक्याने कान पकडायचा: एकाच गाण्यात दोन्ही सोयी.

तीनशे वादक आणि एक मेस्त्री

फंक सगळं वाढलं यंत्रांवर. कार्निव्हलची मिरवणूक अजूनही हातांवर चालते.

रिओत सांबाच्या ‘शाळा’ आहेत. त्यात वर्ग-फळे काही नसतात; वस्तीचं मंडळ, तालीम आणि नाटक कंपनी यांचं ते मिश्रण. पहिली मानली जाते ती ‘देइशा फालार’, स्थापना १९२८, एस्तासियो भागात. याच मंडळींतल्या बिदीने लोण्याच्या मोठ्या डब्यापासून ‘सुर्दु’ हा ढोल घडवल्याचं सांगतात. १९३२मध्ये एका क्रीडा-वृत्तपत्राने शाळांची पहिली स्पर्धा भरवली. १९८४पासून स्पर्धा होते ती ऑस्कर निमायर या वास्तुकाराने रचलेल्या सांबाद्रोममध्ये. सुमारे ७०० मीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे सज्जे.

प्रत्येक शाळेच्या पोटात असते ‘बातेरिआ’, अडीचशे-तीनशे तालवादकांचा ताफा. दोन आकारांचे सुर्दु एकमेकांना सवाल-जवाब करतात, तिसरा मध्येच खोडी काढतो. वर ताशासारखी वाद्यं दाणे टाकत राहतात. या ताफ्याच्या प्रमुखाला म्हणतात ‘मेस्त्री’. हा शब्द ओळखीचा वाटणं साहजिक आहे. आपल्याकडच्या गवंडीकामाचा मेस्त्री त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. दोघांचं कामही फार वेगळं नाही: शेकडो हातांना ओळंब्यात ठेवायचं.

मेस्त्रीच्या भात्यातलं सगळ्यात धोक्याचं अस्त्र म्हणजे ‘पारादिन्या’, छोटा थांबा. तीनशे वाद्यं एका इशाऱ्यावर बंद पडतात, गर्दीचं गाणं तेवढं उरतं आणि मग नेमक्या मात्रेवर सगळी पुन्हा कोसळतात. एकानेही चूक केली तर गुण गेले. या थांब्याचं श्रेय मोसिदादे शाळेच्या मेस्त्री आंद्रेला देतात. १९५९च्या मिरवणुकीत त्याचा पाय घसरला, वादक गोंधळून थांबले, त्याने सावरत गिरकी घेऊन इशारा केला आणि ताफा पुन्हा सुरू झाला. लोकांना वाटलं, मुद्दामच केलं. कथा थोडी जास्तच गोंडस आहे, पण रिओत ती अशीच सांगतात.

आता १९९७. खाडीपलीकडच्या नितेरॉय शहरातली व्हिरादोरो ही शाळा विश्वाच्या उत्पत्तीचा विषय घेऊन उतरली: अंधार, प्रकाश, महास्फोट. देखाव्यांची कल्पना जोआवझिन्यो त्रिंता या बड्या कलाकाराची. आणि बातेरिआचा मेस्त्री जोर्जाव याने पारादिन्याच्या जागी एक करामत केली. सांबा थांबवला आणि तीनशे वाद्यांवर फंकचा ठेका वाजवला.

त्या वेळी हे किती धाडसाचं होतं, ते कळायला पाच वर्षं मागे जावं लागतं. १९९२मध्ये आर्पोआदोरच्या किनाऱ्यावर तरुणांच्या टोळ्यांनी पळापळ केली, घबराट पसरली आणि वृत्तपत्रांनी, दूरचित्रवाणीने खापर फोडलं ते फंकवाल्या पोरांवर. फंक म्हणजे गुंडगिरी हे समीकरण पक्कं झालं होतं. सांबाद्रोम मात्र राष्ट्राचं शोकेस. तिथे, परीक्षकांसमोर, तोच ठेका. सज्जे उसळले, सनातनी नाकं मुरडत राहिले. व्हिरादोरो त्या वर्षी अव्वल गटाची विजेती ठरली, पहिल्यांदाच.

हे जमलं, कारण दोन्ही ठेक्यांचे सांधे एकच. वादकांना नवीन काही शिकायचं नव्हतं. त्यातले कितीतरी शनिवारी बाइलीत नाचणारेच होते. तीन-तीन-दोनचा साचा सांब्यात आतल्या खोलीत बसलेला असतो, फंकमध्ये तो दिवाणखान्यात येतो. जोर्जावने मधलं दार उघडलं, इतकंच. आता फंकची पारादिन्या नवलाची राहिलेली नाही. आणि सज्ज्यात बसलेला प्रत्येक जण ती वीस सेकंदं फोनवर टिपतो. तासाभराहून लांब मिरवणुकीतला हाच तुकडा रात्रीत जगभर फिरतो, कारण तो मुळातच तुकड्यासारखा घडवलेला असतो: शांतता, ताण, स्फोट. बुलेटवाल्या रीलचाही ढाचा तोच.

┌─────────
चौकट: कानावर पडणारे शब्द

बाइली: वस्तीतला नाचाचा जलसा. भिंतीएवढे स्पीकर, पहाटेपर्यंत फंक.
एमसी: फंकचा गायक किंवा गायिका, नावाआधी पदवीसारखं लावतात.
मोंताजें: जुन्या-नव्या आवाजांचे तुकडे जोडून केलेलं गाणं. गाण्याच्या नावात अनेकदा ‘एमटीजी’ असं आखूड रूप दिसतं.
ब्लोको: रस्त्यावर फिरणारा कार्निव्हलचा जमाव. तिकीट नाही, स्पर्धा नाही.
त्रिओ एलेत्रिको: साल्व्हादोर शहरातला गाण्याचा ट्रक. वर गायक, खाली लाखोंची गर्दी. १९५०मध्ये दोदो आणि ओस्मार या दोघांनी जुन्या फोर्ड गाडीवर सुरुवात केली.
पासिन्यो: शब्दशः ‘छोटं पाऊल’. फंकवरचा पायांचा वेगवान नाच.
─────────┘

कात्री आणि डिंक

गाणं म्हणजे मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, हा साचा आपल्या मनात पक्का असतो. फंकचा डीजे वेगळ्या तऱ्हेने विचार करतो. त्याच्यासमोर एक डबा असतो: एमसीने कोरड्या आवाजात म्हटलेली चार वाक्यं, एक ठेका, कुठूनतरी उचललेली धून, एखादी किंकाळी. घरातल्या उरलेल्या कापडांची गोधडी शिवावी तसं तो हे जोडत जातो. म्हणून त्याला ‘मोंताजें’ म्हणतात, जुळणी.

धून कुठूनही येते. डेइझी टिग्रोना या गायिकेच्या एका फंक गाण्यात ‘रॉकी’ या मुष्टियुद्धाच्या चित्रपटातल्या तुताऱ्या घुसल्या. तो तुकडा पुढे ब्रिटनच्या एम.आय.ए.च्या २००५च्या गाण्यात पोहोचला. साओ पाउलोच्या एमसी फिओतीने तर थेट बाखला गाठलं. अठराव्या शतकातल्या त्या जर्मन संगीतकाराची एकट्या बासरीसाठी लिहिलेली एक रचना त्याला इंटरनेटवर सापडली; त्यातला छोटासा तुकडा त्याने ठेक्यावर चढवला. ‘बुम बुम ताम ताम’ हे ते २०१७चं गाणं यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिलं गेलेलं ब्राझीलचं पहिलं संगीत-चित्र ठरलं. ते प्रसिद्ध केलं कोंडझिला या वाहिनीने. ग्वारुजा या किनारी गावातल्या कोनराद दांतासची ही वाहिनी फंकच्या चकचकीत चित्रफितींसाठीच उभी राहिली होती.

तुकड्यांनी बनलेली गोष्ट पुन्हा तुकड्यांत सहज मोडते. ख्याल मध्येच कापला तर तो जखमी होतो. मोंताजें कुठेही कापा, दोन्ही बाजूंनी जिवंत राहतं. व्हिडिओ ॲपना दहा-पंधरा सेकंदांचा खुराक लागतो आणि तो फंककडे आयता होता. अलीकडे बेलो ओरिझोंते शहरातल्या डीजेंनी सेऊ जोर्जीसारख्या सांबा-गायकाची जुनी गाणी हाताशी धरून मंद, झिरपत जाणारी मोंताजें केली. २०२४मध्ये ती ब्राझीलच्या फोनांवर धो-धो वाजली. सांब्यातला आवाज, फंकचा सांगाडा. १९९७मध्ये तीनशे माणसांनी जे केलं, ते आता एक पोरगा लॅपटॉपवर करतो.

या उचलाउचलीत हक्कांचं काय, हा प्रश्न येतोच. बाख तक्रार करायला येणार नव्हता. पण फंकचे तुकडे उचलून परदेशी निर्माते पैसा कमावतात आणि मूळ एमसीला नाव-गाव मिळत नाही, ही कुरबूर खरी आहे. फंक स्वतः मायामीच्या तबकड्यांवर पोसलं गेलं, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंनी बोट दाखवायला जागा आहे.

कार्निव्हल नावाची अंतिम मुदत

कार्निव्हल ईस्टरच्या आधी येतो, म्हणजे फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला. पोर्तुगीजांच्या ‘एन्त्रुदो’ या धुळवडीतून तो वाढला. त्याच शब्दाने गोव्यात ‘इंत्रुज’ असं रूप घेतलं. कार्निव्हलचा राजा मोमो गोव्यातही आहे आणि ब्राझीलमध्येही. पण ब्राझीलमध्ये या सणाने संगीताच्या धंद्याचं पंचांगच ठरवून टाकलं. प्रत्येक वर्षाचं एक ‘कार्निव्हलचं गाणं’ असतं आणि ते होण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत शर्यत लागते. गाणं नाताळच्या सुमारास बाहेर काढायचं, जानेवारीच्या सुट्टीत लोकांच्या तोंडी आणि पायांत बसवायचं, फेब्रुवारीत रस्त्यावर उतरवायचं.

ही रीत फोनने आणलेली नाही. कार्निव्हलसाठी मुद्दाम लिहिलेलं पहिलं चालीचं गाणं शिकिन्या गोंझागा या संगीतकार स्त्रीने १८९९मध्ये एका मिरवणूक मंडळासाठी रचलं. नंतर हे काम रेडिओने केलं, मग कॅसेट आणि फुटपाथवरच्या चोरट्या सीडींनी, मग यूट्यूबने आणि टिकटॉकने. वाहन बदलत गेलं, मुहूर्त तोच राहिला.

२०१८चा कार्निव्हल या बाबतीत पाहण्यासारखा. ईशान्येकडच्या पेर्नाम्बुको राज्यात, जाबोआताव दोस ग्वाराराप्स या शहरात, एमसी लोमा नावाची १५ वर्षांची मुलगी आणि तिच्याबरोबरच्या दोन जुळ्या बहिणींनी एक गाणं केलं. चित्रफीत फोनवर घेतलेली, जागा घराजवळची, कपडे घरातले, संपादन ओबडधोबड आणि ते ओबडधोबडपणच हसू आणणारं. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये ‘ब्रेगा’ या भावुक गाण्यांचं फंकशी लग्न लागून ‘ब्रेगा-फंक’ जन्मलं होतं. हे गाणं त्याच घराण्यातलं. जानेवारीत ते चढवलं गेलं. काही दिवसांत देशभर फिरलं, इतकं की कोंडझिलाने मुलींना बोलावून चकचकीत आवृत्ती केली, आणि फेब्रुवारीत ते कार्निव्हलच्या गर्दीत होतं. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता. जुन्या व्यवस्थेत या मुलींचं पत्र कुणी उघडलंही नसतं.

त्याच हंगामात रिओच्या जोजो मारोंतिनीच्या गाण्याने वेगळी करामत केली. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘ही कसली गोळी सुटली?’ गाणं सुरू होताच वर्गात, कचेरीत, स्वयंपाकघरात सगळे जण गोळी लागल्यासारखे जमिनीवर कोसळतात, अशा फितींचा पूर आला. ज्या शहरात खऱ्या गोळ्या रोज सुटतात तिथे हा विनोद सगळ्यांना रुचला नाही, आणि न रुचण्यात काही चूक नव्हती. पण यंत्रणा म्हणून पाहिलं तर चोख: गाण्याबरोबर एक कृती दिली, कृती इतकी सोपी की आजीलाही जमावी, आणि प्रत्येक फीत म्हणजे गाण्याची फुकट जाहिरात.

पायांनी पसरणं हे तर फंकला जुनंच. २००८मध्ये रिओच्या वस्तीतल्या काही पोरांनी पासिन्योची एक फीत यूट्यूबवर टाकली. इतर वस्त्यांतल्या पोरांनी ती पाहून आपापल्या फितींनी उत्तर दिलं. टोळ्यांच्या हद्दींमुळे या पोरांना एकमेकांच्या डोंगरावरच्या वस्तीत जाणंही मुश्कील. त्यांचे पाय पडद्यावर भेटू लागले. पासिन्योत सांब्याची पावलं आहेत, ईशान्येकडच्या फ्रेव्हो या कार्निव्हल-नृत्याची आहेत, अमेरिकन ब्रेकडान्सची आहेत. २०२४मध्ये रिओ राज्याने त्याला सांस्कृतिक वारसा जाहीर केलं.

पडद्यावरून रस्त्यावर, तशी रस्त्यावरून पडद्यावर अशी उलटी वाहतूकही चालते. २०२४मध्ये साल्व्हादोरची ज्येष्ठ गायिका इव्हेते सांगालो आणि रिओच्या फंकमधून आलेली लुडमिला यांचं ‘मासेतांदो’ हे एकत्र गाणं कार्निव्हलचं गाणं ठरलं. भर मिरवणुकीत गायिका बेबी दो ब्राझील हिने ट्रकवरून इव्हेतेला बजावलं की जगाचा अंत जवळ आला आहे. इव्हेतेने तो अंतही याच गाण्याने ठोकून काढू असं म्हणत गाणं सुरू केलं. हा संवाद त्या मोसमातली सगळ्यात फिरलेली फीत असेल. गाणं, भांडण, विनोद आणि जाहिरात, सगळं एका मिनिटात.

फोंक म्हणायचं की फंक?

मराठी रीलवर पोहोचणारं संगीत बहुधा ‘ब्राझिलियन फोंक’ या लेबलाखाली येतं. फोंक हा मूळ अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या रॅपवरून निघालेला, रशियातल्या निर्मात्यांनी मोटारींच्या फितींसाठी लोकप्रिय केलेला प्रकार. त्यांनी ब्राझीलचे ठेके आणि आवाज उचलले, कर्कश केले, वेग कमी-जास्त केला; व्यायामशाळा आणि गाड्यांच्या फितींनी ते डोक्यावर घेतले. ब्राझीलचे डीजे यावर वैतागतात: आमच्या फंकला हे नवं बारसं कशाला? तरी २०२३मध्ये बिबी बेबीडॉलचं पोर्तुगीज गाणं थेट युक्रेनमधल्या स्पॉटिफायच्या यादीत अव्वल पोहोचलं, ते याच वाटेने. २०२४मध्ये बियॉन्सेच्या कंट्री संगीताच्या अल्बममध्येही रिओच्या फंकचा एक तुकडा निघाला.

शब्दांबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना. फंकची बरीच गाणी उघडउघड अश्लील असतात, काही बायकांबद्दल अत्यंत हिणकस. ताती केब्रा बाराको आणि व्हालेस्का पोपोझुदा यांच्यासारख्या गायिकांनी त्याला तितक्याच रोखठोक भाषेत उत्तरं दिली आहेत. ज्यांना पोर्तुगीज कळतं त्यांना एखाद्या डोहाळजेवणाच्या रीलमागे काय वाजतंय ते ऐकून घाम फुटेल.

या उघडेपणाचं आणि गरीब वस्तीचं नाव पुढे करून फंकवर बंदीची मागणी पुनःपुन्हा होते. २००९मध्ये रिओ राज्याने कायदा करून फंकला सांस्कृतिक चळवळ म्हणून मान्यता दिली; २०१७मध्ये फंकला गुन्हा ठरवा, असं वीस हजारांवर सह्यांचं नागरिकांचं निवेदन सिनेटसमोर आलं आणि फेटाळलं गेलं. २०१९मध्ये, फंकचा वेग मिनिटाला १५० ठोक्यांवर नेणाऱ्यांपैकी एक, डीजे रेनान दा पेन्या, अमली पदार्थांच्या टोळीशी संगनमताच्या आरोपावरून काही महिने तुरुंगात होता. त्याच वर्षी त्याच्या गाण्याला मुल्तिशो हा देशातला मोठा पुरस्कार मिळाला. सांबाही यातून सुटला नव्हता: शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पोलीस जोआव दा बाइआना या सांबावाल्याची खंजिरी जप्त करत. पिन्येरो माशादो या सिनेटरने त्याला आपलं नाव कोरलेली नवी खंजिरी भेट दिली, पोलिसांना दाखवण्यासाठी ओळखपत्र म्हणून. आज ज्या सांब्याला राष्ट्राचा मान आहे, तो असा सिनेटरच्या चिठ्ठीवर रस्त्याने चालत होता.

ठेक्याविना एक फेब्रुवारी

जानेवारी २०२१. करोनाने कार्निव्हल रद्द केला होता. साओ पाउलोची बुतांतान संस्था लस बनवत होती आणि सरकारी पातळीवरून लशीबद्दल उलटसुलट बोललं जात होतं. ‘बुतांतान’ आणि ‘बुम बुम ताम ताम’ यांची नादसाधर्म्याची गंमत आधी लोकांनीच इंटरनेटवर शोधली. एमसी फिओतीने ती उचलली, शब्द बदलले आणि लशीचं गाणं केलं. त्याची फीत बुतांतानच्या आवारातच चित्रित झाली. बाखच्या त्या बासरीवर संस्थेतले कर्मचारी नाचले.

पुढच्याच महिन्यात, ज्या दिवसांत शाळांची तालीम ऐन रंगात असते, रिओच्या सांबाद्रोममध्ये लसीकरण सुरू झालं. सज्जे रिकामे होते. जिथून व्हिरादोरोचे तीनशे वादक गेले होते त्याच रस्त्यावरून गाड्या हळूहळू पुढे सरकत होत्या, आणि आतले म्हातारे-म्हाताऱ्या काच खाली करून दंड पुढे करत होते.